सशाचं पोट आणि गगनबावड्याचा पावसाळा

सशाच्या पोटाचा एक नियम पाळणाऱ्यानं पहिल्याच दिवशी शिकून घ्यायला हवा: ते थांबता कामा नये. माणूस एकादशीचा उपास सहज काढतो. कुत्र्याचं पोट बिघडलं तर ते दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटलीपाशी येतं. सशाला ही सवलत नाही. दहा-बारा तास त्यानं काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. त्यातून ससा हा इतर प्राण्यांचं भक्ष्य. दुबळा दिसणारा आधी मारला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो ओरडत नाही, लंगडत नाही, मदत मागायला येत नाही. कोपऱ्यात गप्प बसतो आणि घरच्यांना वाटतं, झोपला असेल.

गगनबावड्यात हा नियम आणखी कडक होतो. कोल्हापूर शहरापासून हा तालुक्याचा गाव साधारण ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. इथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट थेट कोकणात उतरतात. कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इथे पाच हजारांच्या घरात आणि त्याच्याही वर जातो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपड्यांना ओल, वैरणीला ओल. कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं की कोल्हापूरची वाट बंद होते. सशावर उपचार करण्याचा सराव असलेले डॉक्टर बहुतेक शहरातच असतात. म्हणून इथल्या सशाचा जीव वाचवायचा असेल, तर दुखणं पहिल्या काही तासांत ओळखावं लागतं आणि त्याची तयारी पाऊस सुरू होण्याआधी करावी लागते. या प्रकरणाचा सगळा भर या दोन गोष्टींवर आहे.

आत काय चालतं

ससा गवतावर जगतो, पण गाई-म्हशींसारखा रवंथ करत नाही. त्याचं खरं पचन जठरात न होता आतड्यांच्या शेवटाकडे होतं. तिथे अंधांत्र नावाची एक मोठी पिशवी असते. माणसात हा भाग छोटासा असतो. सशात मात्र पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी साधारण ४० टक्के एकट्या अंधांत्रात मावतो. त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि गवताचा बारीक चोथा आंबवून त्यातून पोषण काढतात.

खाल्लेलं गवत मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आलं की तिथे निवड होते. जाड, न पचणारे धागे पुढे ढकलले जातात आणि कोरड्या गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मागे फिरून अंधांत्रात जातं. तिथे ते आंबतं आणि काही तासांनी त्याच्या वेगळ्या लेंड्या बनतात: लहान, मऊ, चकचकीत, एकमेकांना चिकटून घोसानं येणाऱ्या. ससा विश्रांतीच्या वेळी मान वळवतो आणि या लेंड्या थेट गुदद्वाराशीच तोंडात घेऊन गिळतो. त्यांत प्रथिनं असतात, ब गटातली आणि के जीवनसत्त्वं असतात. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं १८८२ मध्ये या सवयीचं शास्त्रीय वर्णन केलं. घरात कुणी हे पाहिलं तर ससा घाण खातोय म्हणून त्याला हुसकावतं. तसं मुळीच करू नये. तो आपलं दुसरं जेवण घेत असतो.

ही सगळी यंत्रणा जाड धाग्यांवर चालते. आतड्यांना पुढे सरकायला तेच उद्युक्त करतात. गवत कमी पडलं की आतड्यांची हालचाल मंदावते, जठरातलं अन्न आणि केस सुकून घट्ट होतात, अंधांत्रातल्या जिवाणूंचं संतुलन बिघडतं आणि वायू धरतो. पोट दुखू लागलं की ससा खाणं सोडतो आणि खाणं सोडलं की आतडी आणखी थंडावतात. डॉक्टर याला जीआय स्टेसिस म्हणतात. त्यात एक अडचण अशी, की सशाला उलटी करता येत नाही. जठरात गेलेल्या गोष्टीला पुढे जाण्यावाचून दुसरी वाट नाही.

सशाचे केस चाटून पोटात गोळा होतात आणि त्यानं आतडी तुंबतात, असं पूर्वी सांगत. अननसाचा रस पाजला की गोळा विरघळतो, असाही समज होता. निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. पाणी आणि गवत पुरेसं असेल तर ते लेंड्यांबरोबर निघून जातात. आतडी मंदावली की मग ते साचून घट्ट होतात. म्हणजे बहुतेक वेळा केसांचा गोळा हा दुखण्याचा परिणाम असतो, कारण नव्हे. अननसाच्या रसानं केस विरघळत नाहीत. त्यातली साखर मात्र अंधांत्रात जाऊन आणखी वायू करते.

सकाळची पाहणी

सशाच्या तब्येतीचा रोजचा अहवाल पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला असतो. सकाळी झाडून टाकण्याआधी तो वाचावा. निरोगी सशाच्या लेंड्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, जवळपास एकाच मापाच्या, गोल आणि कोरड्या असतात. रंग फिकट तपकिरी ते मातकट हिरवा. बोटांत धरून चुरली तर आत गवताचा भुसा दिसतो आणि फारसा वास येत नाही. दिवसाला अशा दोनशे-तीनशे लेंड्या पडतात. मोजत बसायची गरज नाही. आपल्या सशाचा रोजचा ढीग केवढा, हे आठवड्याभरात डोळ्यांत बसतं.

मग बदल लगेच जाणवतो. लेंड्या बारीक, काळपट, कडक होऊ लागल्या तर पोट मंदावतंय. त्या केसांत ओवल्यागत एकामागे एक येत असतील, तर ससा केस टाकतोय. गवत आणि पाणी वाढवायला हवं. लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या लेंड्याही चांगलं लक्षण नव्हे. ढीग निम्म्यावर आला तर त्या दिवशी ससा नजरेआड होऊ देऊ नये. लेंड्या अजिबात नसतील, तर हातातलं काम बाजूला ठेवावं.

मऊ लेंड्या शेपटीखाली चिकटलेल्या किंवा पिंजऱ्यात तुडवलेल्या दिसल्या की बहुतेक जण जुलाब समजतात. इथे नीट पाहायला हवं. सोबत नेहमीच्या कोरड्या लेंड्याही पडत असतील तर तो जुलाब नव्हे. ससा आपल्या मऊ लेंड्या खात नाहीये. पेंड, फळं, गोड खाणं जास्त झालं, वजन वाढून मान पोचेनाशी झाली किंवा पाठ, गुडघे, दात दुखत असले की असं होतं. खुराक कमी करून गवत वाढवलं की पुष्कळदा फरक पडतो. खरा जुलाब म्हणजे पाण्यासारखी किंवा शेंबडासारखी विष्ठा आणि कोरड्या लेंड्यांचा पत्ता नाही. तो त्याच तासाला डॉक्टरकडे न्यायचा आजार आहे, विशेषतः पिल्लात.

दोन्ही प्रकारांत शेपटीखालची जागा ओली आणि घाण राहिली, तर पावसाळ्यात माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत अळ्या होऊन कातडी पोखरू लागतात. म्हणून जून ते ऑक्टोबर रोज दोनदा ससा उचलून मागची बाजू पाहावी.

लेंड्यांनंतर पाहायचं ते बसणं. पोट दुखणारा ससा पाठ वर काढून, पाय आत ओढून, डोळे अर्धवट मिटून बसतो किंवा पोट जमिनीला दाबून धरतो, सारखी जागा बदलतो. दात करकरा वाजवतो. गोंजारताना सुखावलेला ससा हलकी कुरकुर करतो, तिच्यापेक्षा हा आवाज मोठा आणि सुटा असतो. आवडीची कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवतो. कान हाताला गार लागतात. सशाच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ते ३८ च्या खाली गेलं तर परिस्थिती गंभीर आहे असं समजावं.

पोट का थांबतं

पहिलं कारण म्हणजे खाणं. ससा आणि गाजर ही जोडी चित्रकथांनी आणि कार्टूननी पक्की केली. गाजरात साखर भरपूर असते. आठवड्यातून दोन-तीन चकत्या दिल्या तर चालतील, रोजचं जेवण म्हणून नाही. चपातीचा तुकडा, भात, बिस्किट, पाव, पेढा, फुटाणे हे प्रेमानं भरवलेले पदार्थ पिष्ट आणि साखर अंधांत्रात लोटतात आणि तिथले नको ते जिवाणू माजतात. सशाच्या ताटात दहापैकी आठ-नऊ वाटे सुकं किंवा ताजं गवत हवं. बाकी मूठभर पालेभाजी आणि एखादा चमचा चांगली पेंड. मेथी घास वाढत्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

दुसरं कारण दात. सशाचे २८ही दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळूनच ते झिजतात. गवत कमी मिळालं की मागच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात, ससा खाणं टाकतो आणि पोट थांबतं. हनुवटी ओली राहणं, तोंडातून गवत गळणं, पेंड सोडून मऊच मागणं ही दातांची तक्रार.

बाकीची कारणं म्हणजे कुठलंही दुखणं, कमी पाणी, दिवसभर छोट्या पिंजऱ्यात कोंडून ठेवणं, कुत्र्या-मांजराची दहशत, फटाके, जोडीदाराचा मृत्यू, प्रवास. उन्हाळ्यात कोल्हापुराकडे पारा चढला की उष्म्यानंही ससा खाणं सोडतो.

पावसाळ्यातली वैरण

गगनबावड्याचं स्वतःचं कारण म्हणजे ओल. डोंगरउतारावरचं गवत दिवाळीच्या सुमारास कापलं जातं आणि गंजी रचून ठेवलं जातं. गुरांना वर्षभर हीच वैरण. सशासाठीही ती उत्तम, पण साठवण चुकली तर घातक. ताडपत्रीखाली पाणी झिरपलेल्या गंजीत हात घातला तर आत ऊब लागते, गवत करडं पडलेलं असतं आणि झटकलं की धूर निघावा तशी बुरशीची भुकटी उडते. गाईचं एवढं मोठं पोट अशा वैरणीनं बिघडतं, तिथे दोन किलोच्या सशाची काय कथा! सशासाठीचं गवत वेगळं ठेवावं: कोरड्या, हवेशीर पोटमाळ्यावर, जमिनीपासून आणि भिंतीपासून सुटं. रोज मूठभर घेऊन वास घ्यावा. गोडसर सुक्या गवताचा वास आला तर द्यावं, कुबट आला तर सगळी मूठ फेकून द्यावी. चांगलं गवत पिळलं की कुरकुरतं, ओलावलेलं नुसतं वाकतं. भाताचं पिंजार अंथरायला चांगलं, चघळायला थोडं चालतं, पण त्यात सत्त्व फार कमी. त्यावर एकट्यावर ससा जगवू नये.

दुसरा धोका हिरव्या गवताचा. मृगाचा पाऊस पडला की सगळीकडे लुसलुशीत कोवळं गवत उगवतं आणि वाटतं, सशाला मेजवानी. पण त्यात पाणी आणि साखर जास्त, जाड धागे कमी. महिनोन्महिने सुकं गवत खाल्लेल्या सशाला एकदम हे भरवलं की पोट फुगतं. पहिल्या दिवशी चिमूटभर, मग दहा-बारा दिवसांत वाढवत नेलं तर आतले जिवाणू जुळवून घेतात. कापून ढिगात ठेवलेलं ओलं गवत तापतं आणि आंबतं. ते सकाळचं संध्याकाळी देऊ नये. कुत्री फिरतात त्या बांधावरचं गवत टाळावं, कारण कुत्र्याच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी सशाच्या पोटात जातात. घाणेरी, कण्हेर, रुई आणि गाजरगवत सशापासून लांब ठेवावं. कोवळ्या ज्वारीच्या पाल्यात विषारी द्रव्य असतं, हे गुरं राखणाऱ्याला सांगायला नको. सशालाही तो पाला वर्ज्यच.

पिल्लं जास्त का दगावतात

सशी पिल्लांना दिवसातून बहुतेक एकदाच, तेही तीन-चार मिनिटं पाजते. त्या दुधामुळे पिल्लाच्या जठरात जंतुनाशक आम्लं तयार होतात आणि त्यांच्या आधारावर ते पहिले काही आठवडे सुरक्षित राहतं. दूध तुटतं तेव्हा हे कवच जातं. मोठ्या सशाच्या जठरातलं तीव्र आम्ल अजून तयार नसतं, अंधांत्रातली जिवाणूंची वस्तीही नीट बसलेली नसते. नेमक्या याच नाजूक दिवसांत पिल्लू विकलं जातं. नवं घर, नवं खाणं, प्रवासाची भीती, सगळं एकदम. म्हणून निदान आठ आठवडे आईजवळ राहिलेलंच पिल्लू घ्यावं आणि पहिले पंधरा दिवस ते पूर्वी खात होतं तेच खायला द्यावं.

याच वयात कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी गाठतात. आजारी सशाच्या लेंड्यांतून त्यांची बीजं बाहेर पडतात आणि ओलसर उबेत काही दिवसांत पिकून दुसऱ्याला बाधतात. गगनबावड्याचा पावसाळा म्हणजे त्यांना मोकळं रान. पिल्लू सुकत जातं, पोट तेवढं मोठं दिसतं, मग जुलाब. एक प्रकार थेट यकृतात शिरतो. यावर औषधं आहेत, पण तळ रोज झाडून कोरडा ठेवणं आणि गवत जमिनीवर न टाकता जाळीच्या खाचेत लावणं हा त्याहून मोठा उपाय.

गवत कापताना रानातल्या सशाचं पिल्लू सापडलं तर ते घरी आणू नये. आपल्या डोंगरातला ससा आणि पाळीव ससा या वेगळ्या जाती आहेत. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या बिळांतले. त्यांची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिल्लं केसाळ आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात, गवतात एकटी बसतात आणि आई पाजायला येते. ती पोरकी नसतात. गाईच्या दुधावर वाढवायला घेतलेली अशी पिल्लं बहुधा जुलाबानं मरतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानससा पाळणं हा गुन्हा आहे.

पहिले काही तास

ससा खात नाही असं लक्षात आलं की आधी घड्याळ पाहावं. शेवटचं कधी खाल्लं, शेवटच्या लेंड्या कधी पडल्या, हे लिहून ठेवावं. मग हलक्या हातानं पोट चाचपावं. नेहमीचं पोट मऊ कणकेच्या गोळ्यागत दबतं. ते ताणलेलं, टणक लागत असेल आणि ससा काल रात्रीपर्यंत ठणठणीत होता, तर आतड्यात काही अडकून जठर फुगलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तोंडातून काहीही भरवू नये, चोळू नये, ताबडतोब निघावं. इथे तासांनी फरक पडतो.

पोट मऊ असेल आणि ससा शुद्धीवर, डोळे उघडे ठेवून असेल, तर कान गार लागताहेत का पाहावं. गार असतील तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी, अंगाखाली नको. तापला तर त्याला सरकायला जागा राहिली पाहिजे. उष्म्यानं पडलेल्या सशाला मात्र ऊब देऊ नये, सावली आणि ओलसर फडकं द्यावं. ताज्या ओल्या कोथिंबिरीची जुडी, पुदिना, आवडीचं गवत समोर ठेवावं. पाणी बाटलीऐवजी पसरट वाडग्यात द्यावं. सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं आणि वाडग्यातून तो जास्त पितो. पिंजऱ्याबाहेर सोडून हळूहळू चालू द्यावं. एवढं करूनही दोन-तीन तासांत खाणं सुरू झालं नाही, तर डॉक्टरला फोन करावा.

सिरिंजनं भरवणं डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. ते सांगतील तेव्हा पेंड कोमट पाण्यात भिजवून पातळ करावी. ससा चार पायांवर नीट बसलेला असावा. पुढच्या दातांमागे बाजूला मोकळी फट असते, तिथून अर्धा-एक मिलिलिटर द्यावं, गिळेपर्यंत थांबावं, मग पुढचं. पाठीवर उताणं धरून कधीही भरवू नये. घास श्वासनलिकेत जातो.

घरातल्या औषधांना हात लावू नये. एनो, सोडा, एरंडेल, माणसाच्या पोटदुखीच्या गोळ्या काहीही नको. सगळ्यात मोठा धोका अँटिबायोटिक्सचा. माणसाला आणि कुत्र्याला सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन तोंडावाटे दिली की सशाच्या अंधांत्रातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि ससा काही दिवसांत जुलाबानं जाऊ शकतो. औषधाच्या दुकानातून आणलेली मुलाची उरलेली बाटली सशासाठी विषच.

डॉक्टरकडे जाताना

ससा भक्कम, हवा खेळती राहील अशा खोक्यात न्यावा. तळाला टॉवेल, वर गवत. जोडीदार असेल तर त्यालाही सोबत घ्यावं, भीती कमी होते. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घ्याव्यात, सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया तपासता येतात. वजन सांगता आलं पाहिजे, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. डॉक्टर सशांवर क्वचित उपचार करणारे असले तरी त्यांना विचारायला संकोच करू नये: हे औषध तोंडातून द्यायचंय का, सशाला चालतं का, वेदनाशामक दिलंय का? थांबलेलं पोट सुरू करण्यात वेदना कमी करणं, शरीरात पाणी भरणं आणि ऊब हे तीन निम्म्याहून अधिक काम करतात. ऑपरेशन ठरलं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. सशाला उलटी होत नसल्यामुळे त्याला कुत्र्या-मांजरासारखं आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं.

सशाचा सराव असलेले डॉक्टर लगेच मिळाले नाहीत, तरी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं. सलाईन, ऊब आणि वेदनाशामक तिथेही देता येतं. पशुपालकांसाठीचा १९६२ हा मदत क्रमांक फोनमध्ये असू द्यावा. गुंतागुंतीच्या प्रकरणात शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणचा सल्ला घेता येतो.

मे महिन्यातली तयारी

दोन किलोचा ससा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम सुकं गवत खातो. जून ते सप्टेंबरचे चार महिने धरले तर बारा किलो. नासधूस धरून पंधरा किलो गवत मेअखेर पोटमाळ्यावर कोरडं पडलेलं असलं पाहिजे. त्याच महिन्यात ससा एकदा डॉक्टरना दाखवावा, दात तपासून घ्यावेत आणि रस्ता बंद झाला तर काय द्यायचं, किती द्यायचं, हे त्यांच्याकडून लिहून आणून ती औषधं घरात ठेवावीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरात नोंदवावं. दोन किलोच्या सशाचं शंभर ग्रॅम वजन घटणं ही दुखण्याची पहिली चाहूल असते. लेंड्यांत फरक दिसण्याच्याही आधी ती कळू शकते.

ससा पाळावा की नाही, हे ठरवतानाच हा हिशेब मांडायला हवा. पिंजरा विकत मिळतो, पिल्लू त्याहून स्वस्त मिळतं. पंधरा किलो कोरडं गवत, सकाळची पाच मिनिटं आणि भर पावसात खोकं घेऊन निघायची तयारी या तीन गोष्टी मात्र घरातल्या माणसांनीच द्यायच्या असतात. त्या देता येणार असतील, तर गगनबावड्याच्या थंड हवेत ससा आठ-दहा वर्षं सुखानं जगतो. देता येणार नसतील, तर पोरांनी कितीही हट्ट धरला तरी ससा आणू नये.